माइल्सचं वेड: लागलंच असेल तर निदान हिशेबाने तरी लागू द्या

मागच्या दिवाळीत दाजींनी डबल डोअर फ्रीज घ्यायचं काढलं. फ्रीज किती लिटरचा, कुठल्या कंपनीचा, यात मला काडीचा इंटरेस्ट नव्हता, मी एवढंच म्हणालो की दाजी, स्वाइप माझ्या कार्डावर करू, तुम्ही मला जीपे करा. ताईने माझ्याकडे असं बघितलं की हा आता माझ्या दारात पावती पुस्तक घेऊन वर्गणी मागायला आलाय. पण फ्रीज माझ्याच कार्डावर आला आणि त्या रात्री मला एक्सेल शीटमध्ये नवीन ओळ टाकताना जो आनंद झाला तो दाजींना बर्फ पाडताना पण झाला नसेल.

तर हे असं वेड आहे, कार्ड घासून आणि उडून विमानाच्या तिकिटांसाठी माइल्स जमवायचं. गेली नऊ वर्षं मी यात आहे, सुरुवातीची चार वर्षं निव्वळ मूर्खपणा केला, नंतर जरा डोकं आलं. ऑफिसातली पोरं अधूनमधून विचारतात की कुठलं कार्ड घेऊ, कुठल्या एअरलाइनला मेंबर होऊ, दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा

वर्षात तुम्ही विमानात किती वेळा बसता आणि त्यातलं किती कंपनीच्या पैशाने? वर्षाला दोनदा, तेही घरच्यांना घेऊन गोव्याला नाहीतर केरळला जात असाल तर स्टेटसचा, म्हणजे एअरलाइनच्या सिल्व्हर-गोल्ड दर्जाचा, विचार आत्ताच सोडून द्या, खरंच. तुमच्यासाठी फक्त पॉइंट्स जमवणं आणि उडवणं, बास. महिन्यातून दोन-तीनदा क्लायंटकडे पळावं लागतं आणि तिकीट ऑफिस काढतं, अशांनी स्टेटसकडे बघावं, कारण तिथे खर्च दुसऱ्याचा आणि मान आपला.

कारण काय, की खात्यात दोन वेगवेगळे आकडे असतात आणि नवीन माणूस हमखास त्यांची खिचडी करतो. एक म्हणजे माइल्स किंवा पॉइंट्स, जे देऊन तिकीट मिळतं. दुसरे टियर पॉइंट्स, ज्यावर तुम्ही सिल्व्हर का गोल्ड ते ठरतं. कार्ड घासून येतात ते साधारणपणे पहिल्या जातीचे. दुसऱ्या जातीचे बहुतेक ठिकाणी उडाल्याशिवाय येत नाहीत, आणि वर्ष संपलं की शून्य. माझ्या एका मित्राने कार्डावर लाखभर माइल्स जमवले आणि मग काउंटरवर जाऊन विचारलं, मला गोल्ड का नाही? त्या पोरीने फार गोड हसून सांगितलं की सर, आपण आमच्या विमानात अजून बसला नाहीत.

खातं उघडताना नाव. हे वाचाच

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे नका विसरू, कारण हा आपला खास मराठी लोचा आहे. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी असते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या खाली पहिली दोन नावं एकत्र छापलेली असतात, एअरलाइनच्या खात्यात आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो, आणि तिकीट काढणारा एजंट तिसरंच काहीतरी टाकतो, सगळं एका शब्दात चिकटवून. मग सिस्टिमला हे तीन वेगळे इसम वाटतात आणि माइल्स येत नाहीत. बायकोचं तर अजून भारी, आधार लग्नानंतरच्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या, आणि कार्डावर बँकेने आपल्या मनाने काहीतरी. खातं पासपोर्टप्रमाणेच उघडा, तिकीटही तसंच काढा, आणि बोर्डिंग पासचा फोटो माइल्स जमा होईपर्यंत डिलीट करू नका. राहिलेले माइल्स नंतर क्लेम करता येतात पण त्याला मुदत असते. मी एकदा आठ महिन्यांनी जागा झालो आणि हात चोळत बसलो.

कुठल्या एअरलाइनचं खातं?

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. ज्या विमानात बसता त्याच कंपनीच्या खात्यात माइल्स टाकले पाहिजेत असं काही नाही. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये, एकमेकांच्या खात्यात माइल्स देणाऱ्या एअरलाइन्सच्या गटात, आहे, म्हणजे मुंबई-दिल्ली एअर इंडियाने जाऊन माइल्स सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात टाकता येतात. इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही, त्यांचा स्वतःचा ब्लूचिप नावाचा पॉइंट्सचा प्रोग्रॅम आहे, तो आपल्या जागी ठीक. पण टियर पॉइंट्स तीन खात्यांत वाटले की तिन्हीकडे तुम्ही कायमचे सामान्य नागरिक. एका अलायन्सचं एकच खातं धरा आणि सगळं तिथेच ओता.

पण ओतायच्या आधी तिकिटावरचं अक्षर बघा. इकॉनॉमी म्हणजे एकच इकॉनॉमी नसते, वाय, बी, एम, क्यू, टी अशी अक्षरं असतात, आणि सेलमध्ये घेतलेल्या स्वस्त अक्षराला पार्टनरच्या खात्यात कधी अर्धे, कधी पाव, कधी चक्क शून्य माइल्स मिळतात. प्रत्येक प्रोग्रॅमच्या साइटवर याचा तक्ता असतो. तो न बघता मी एकदा बँकॉकला जाऊन आलो आणि खात्यात आलेला आकडा बघून आधी वाटलं की साइट अर्धवट लोड झालीये.

एक्सपायरीचे नियम पण इथेच बघून ठेवा. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी जातात म्हणजे जातात, मधे कितीही उडा. ब्रिटिश एअरवेज, कतार वगैरेंचे जे एव्हिओस नावाचे पॉइंट्स आहेत ते ३६ महिन्यांत खात्यावर काहीच हालचाल झाली नाही तर जातात, म्हणजे मधे थोडेसे टाकले की गाडी पुढे सरकली.

कमवायचे कसे

खरं सांगायचं तर आपल्यासारखे बहुतेक लोक माइल्स हवेत कमवत नाहीत, जमिनीवर कमवतात, कार्ड घासून. आणि इथे पहिला नियम असा की बिल पूर्ण भरायचं, दर महिन्याला, एक रुपया मागे ठेवायचा नाही. क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाचे झाले ४२ टक्के, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. रिवॉर्ड कितीही भारी असला तरी दोन-तीन टक्क्यांच्या वर क्वचित जातो. ज्याचं बिल एकदा जरी अर्धवट भरून पुढच्या महिन्यात ढकललं गेलं त्याने हा लेख इथेच बंद करून आधी ते फेडावं.

दुसरं, कशावर पॉइंट्स मिळत नाहीत ते आधी वाचा. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं, यावर बहुतेक कार्डं काही देत नाहीत, भाड्यावर तर वर एक टक्का फी लावतात. इन्शुरन्स, लाइट बिल यांवर मर्यादा असते. परदेशात घासलं तर साडेतीन टक्क्यांपर्यंत फॉरेक्स मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँकेची फी) आणि त्यावर जीएसटी, म्हणजे सिंगापुरात शॉपिंग करून पॉइंट्स मिळवले म्हणून खूश होऊ नका, ते तुम्ही विकत घेतलेत. याउलट बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवरून व्हाउचर घेतली तर कधी कधी पाचपट वगैरे मिळतात, किराणा-कपडे असेही घ्यायचेच असतात तर तिथून घ्या. खरा माल तिथे आहे.

आता दाजींच्या फ्रीजकडे येऊ. नातेवाइकांची खरेदी आपल्या कार्डावर ओढणं हा या वेडाचा राष्ट्रीय खेळ आहे, मी चुलतभावाच्या लग्नात केटररला पण विचारलं होतं की कार्ड घेता का (नाही घेत). पण एक लक्षात ठेवा, आर्थिक वर्षात कार्डाची बिलं १० लाख किंवा जास्त भरलीत, किंवा रोखीने १ लाख, तर बँक ते इन्कम टॅक्सला कळवते. पगार १२ लाख आणि कार्डावर १८ लाख दिसले तर उद्या कुणीतरी विचारणारच. दाजींचे पैसे आले त्याची नोंद ठेवा, फ्रीजचं बिल दाजींच्या नावाने घ्या. आणि ज्याचे पैसे वेळेवर येतील याची खात्री नाही त्याच्यासाठी कार्ड काढूच नका, माइल्सपायी नातं आणि सिबिल दोन्ही घालवणारे बघितलेत मी.

उडवायचे कसे, आणि किमतीचा हिशेब

सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक बँकेचे पॉइंट्स आधी एअरलाइनला ट्रान्सफर करतात आणि मग सीट शोधतात. उलटं करा. बँकेत पडलेला पॉइंट दहा ठिकाणी जाऊ शकतो, एअरलाइनला गेला की परत येत नाही. आधी सीट शोधा, ती खरंच आहे याची खात्री करा, मग तेवढेच हलवा. कधी ट्रान्सफर मिनिटात होतं, कधी चार दिवस लागतात, तोवर सीट जाऊ शकते, तो जुगार आहे, म्हणून पर्यायी तारीख हाताशी ठेवा.

सीट शोधायची जागा पण ठरलेली आहे. स्टार अलायन्सच्या सीट्स युनायटेड किंवा एअर कॅनडाच्या एअरोप्लॅन या माइल्स प्रोग्रॅमच्या साइटवर बऱ्यापैकी दिसतात. जाण्याच्या दहा-अकरा महिने आधी पहिल्यांदा सुटतात, आणि मग शेवटच्या दोन आठवड्यांत, विमान रिकामं जातंय म्हटल्यावर. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी विसरा. चार सीट्स एकत्र शोधणाऱ्यांना माझा नमस्कार, दोन-दोन करून बघा. कधी कधी पार्टनरच्या साइटवर सीट दिसते आणि पेमेंटला गेलं की गायब, ती भुताची सीट. म्हणून दोन वेगवेगळ्या साइट्सवर दिसली तरच विश्वास ठेवा, नाहीतर फोन करून विचारा.

आता हिशेब. समजा मुंबई-सिंगापूर-मुंबईचं तिकीट रोखीत ३४,००० ला आहे. माइल्सने तेच २५,००० माइल्स अधिक ९,००० रुपये टॅक्स. तर ३४,००० वजा ९,००० झाले २५,०००, भागिले २५,००० माइल्स, म्हणजे एका माइलला एक रुपया आला. आता तुमची बँक तोच पॉइंट व्हाउचरला एक रुपयाच्या भावाने देत असेल तर हे सगळं उपद्व्याप करून तुम्ही काय मिळवलं? काही नाही. उलट माइल्सच्या तिकिटावर नवीन माइल्स मिळत नाहीत ते वेगळंच. मी स्वतःपुरता आकडा ठरवलाय, सव्वा रुपयाच्या खाली असेल तर रोखीने तिकीट काढतो.

बिझनेस क्लासवाले इथे स्वतःलाच फसवतात. ‘दोन लाखांचं तिकीट ६० हजार माइल्समध्ये, माइलला सव्वातीन रुपयांच्या वर!’ अरे पण तू दोन लाख दिले असतेस का कधी? जन्मात नाही. तू इकॉनॉमीचे ४० हजार दिले असतेस आणि पाय पसरायचे फार तर वर ३० हजार. ७० हजार धर, त्यातून टॅक्स वजा कर आणि मग भाग. आकडा लगेच माणसात येतो.

टॅक्सचंही तसंच, फुकट तिकीट नावाचा प्रकार नसतो. काही एअरलाइन्स माइल्सच्या तिकिटावर फ्युएल सरचार्ज लावतात आणि तो इकॉनॉमीच्या भाड्याच्या जवळ जातो. लंडनहून निघताना सरकारचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा टॅक्स वरच्या क्लासला जास्त बसतो, म्हणून लोक जाताना लंडन ठेवतात आणि परत दुसऱ्या शहरातून निघतात. एअरोप्लॅनने २०२० मध्ये फ्युएल सरचार्ज काढून टाकला, पार्टनरच्या विमानाला ३९ कॅनेडियन डॉलर फी घेतात, आणि आंतरराष्ट्रीय तिकिटात ५,००० पॉइंट्स जास्त दिले की वाटेत एका शहरात राहताही येतं. मुलगी टोरांटोला आहे आणि आईबाबांना एका दमात एवढा प्रवास झेपत नाही, अशांसाठी हे सोन्यासारखं आहे, मधे युरोपात तीन दिवस थांबून पुढे जाता येतं.

मी आईबाबांना एकदा असंच पॉइंट्सवर बिझनेसने पाठवलं. आईने परत आल्यावर सांगितलं की खुर्चीची पाठ आडवी होते ते बटण तिने दाबलंच नाही, सहा तास ताठ बसून आली. का? तर म्हणे मोडलं तर पैसे तुझ्याकडून घेतील. बाबांनी मात्र तीन वेळा आइस्क्रीम मागवलं.

स्टेटस: किती खरं, किती मिरवणूक

स्टार अलायन्स गोल्ड असेल तर इकॉनॉमीच्या तिकिटावर सुद्धा लाउंज, सोबत एक पाहुणा, चेक-इनची वेगळी रांग, आणि जास्तीचं सामान, वजनाचा हिशेब असेल तिथे २० किलो, नगाचा असेल तिथे एक बॅग. लोणची, भाजणी, लाडू घेऊन अमेरिकेला जाणाऱ्या घरात त्या एका बॅगेला काय किंमत आहे ते मी सांगायला नको. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये, म्हणजे आधीच्या फ्लाइंग रिटर्न्समध्ये, गोल्ड झालात की हे मिळतं.

पण भारतातल्या लाउंजसाठी स्टेटसमागे धावत असाल तर थांबा. तिथे डेबिट कार्डवाले सुद्धा येतात, पहाटे पाचला दाराबाहेर रांग, आत उभं राहून गार पोहे. त्यापेक्षा बाहेर कटिंग घ्या.

आता माझी स्वतःची अक्कल सांगतो. एका वर्षी २६ डिसेंबरला माझ्या लक्षात आलं की वरच्या टियरला एका फेरीएवढे पॉइंट्स कमी पडतायत. मी ११,००० रुपयांचं पुणे-दिल्ली-पुणे काढलं, दिल्लीत काही काम नाही, उतरायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. याला माइलेज रन म्हणतात, घरी मी त्याला क्लायंट मीटिंग म्हणालो. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत काय असतं? धुकं. सकाळची फ्लाइट चार तास लेट, परतीची रात्री साडेअकरापर्यंत लांबली, मी एका प्लास्टिकच्या खुर्चीत बॅग छातीशी धरून बसलोय आणि बायकोचा व्हिडिओ कॉल येतो, मागे अनाउन्समेंट, समोर तिचा चेहरा. लोहगावला पहाटे उतरलो. टियर मिळाला, प्लास्टिकचं कार्ड घरी आलं. पुढच्या वर्षी कंपनीने प्रवास बंद करून सगळं झूमवर नेलं आणि त्या टियरचा मी बरोब्बर दोनदा वापर केला.

म्हणून माइलेज रन करायचाच असेल तर आधी कागदावर लिहा: पुढच्या बारा महिन्यांत माझे पक्के किती प्रवास आहेत, त्यात ही बॅग आणि लाउंज मी पैसे देऊन घेतलं असतं तर किती पडलं असतं. तो आकडा तिकिटापेक्षा मोठा असेल तरच निघा, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेला नका जाऊ, कोचीला जा. त्याआधी स्टेटस मॅच पण बघा. एका एअरलाइनचं कार्ड दाखवून दुसरी तसलंच कार्ड देते, बऱ्याचदा काही महिन्यांसाठी आणि पुढे ठरावीक फेऱ्या करा या अटीवर. बहुतेक ठिकाणी ते आयुष्यात एकदाच, म्हणून प्रवासाचं वर्ष बघून वापरा.

साठवू नका

हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. माइल्स म्हणजे एफडी नाही. नोट छापणारा तोच, भाव ठरवणारा तोच, आणि भाव पाडायचा तर तुम्हाला विचारणार नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये एअॅडव्हांटेज हा माइल्सचा प्रोग्रॅम काढला तेव्हा अंतर मोजायचे, आता खर्च मोजतात. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून टियरचा हिशेब पौंडांवर नेला, गोल्डला २०,००० पॉइंट्स, पौंडाला एक. आपल्याकडे अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट्स मिळायचे, ते सप्टेंबर २०२३ पासून बंद झाले आणि साध्या मॅग्नसचा ट्रान्सफर रेशो पाचाला चारवरून (पाच पॉइंट्सचे चार माइल्स) पाचाला दोनवर आला, म्हणजे एका तारखेला पॉइंट्स अर्धे. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विरघळली. जेट आणि विस्ताराची कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, रबरबँड लावून.

फट सापडली की लगेच हात घालायचा आणि लगेच काढायचा, यातला आदर्श माणूस म्हणजे कॅलिफोर्नियाचा इंजिनिअर डेव्हिड फिलिप्स. १९९९ मध्ये एका फूड कंपनीने पाकिटावरच्या बारकोडवर माइल्स द्यायची स्कीम काढली, याने हिशेब केला की २५ सेंटच्या पुडिंगच्या कपातून मिळणारे माइल्स कपापेक्षा महाग आहेत, आणि दुकानंच्या दुकानं रिकामी करत १२,१५० कप उचलले, सुमारे ३,१४० डॉलर्सना. बारकोड सोलायला वेळ पुरेना म्हणून पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान केलं, बदल्यात त्यांच्या लोकांनी लेबलं काढून दिली, वर दानाची टॅक्स सवलत घेतली. साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स. आपला माणूस असता तर आधी मावशीला विचारलं असतं की पुडिंग खाता का.

तेव्हा माझी पद्धत अशी: पॉइंट्स बँकेतच ठेवायचे, पुढच्या एका ठरलेल्या प्रवासाएवढेच जमवायचे, जमले की वर्षाच्या आत उडवायचे. शीटमध्ये चार कॉलम पुरतात, खातं, आकडा, एक्सपायरी, कशासाठी. शेवटचा कॉलम रिकामा राहिला तर समजायचं की आपण नुसते गोळा करतोय. पासवर्ड नीट ठेवा, माइल्सची पण चोरी होते. आणि कुणी ग्रुपवर ‘तुमचे माइल्स विकत घेतो’ म्हणाला तर देऊ नका, ते नियमात बसत नाही, एअरलाइनला कळलं तर सगळं खातंच बंद करतात.

माझ्या शीटमध्ये सध्या ४२ हजार आहेत, शेवटच्या कॉलममध्ये ‘आई, सिंगापूर, बटण’ असं लिहिलंय. ताईला परवा फोन केला, म्हटलं ऐकलं तुम्ही वॉशिंग मशीन घेताय. म्हणाली हो, घेतलं पण, दाजींनी स्वतःचं कार्ड काढलंय. आणि मग दाजी मागून ओरडले, त्याला विचार, क्रिसफ्लायरला टाकू का एअरोप्लॅनला?